बंगल्यातल्या पोहण्याच्या तलावाभोवती टर्फ: लोणावळ्यातल्या कामाच्या नोंदी (फेब्रुवारी ते जुलै २०२५)

१७ फेब्रुवारी, सोमवार – पाहणी आणि मापं

तलाव ३० × १५ फूट. भोवती फूटभर रुंदीचं ग्रॅनाइटचं कोपिंग (काठावरची दगडी फरशी), म्हणजे बाहेरून बाहेर ३२ × १७. उत्तरेला व्हरांडा आणि कोटा फरशी आहे, ती तशीच राहणार. टर्फ (कृत्रिम हिरवळ) उरलेल्या तीन बाजूंना: दक्षिणेला १२ फूट, पूर्व-पश्चिमेला ६-६ फूट. हिशेब असा: दक्षिणेचा पट्टा ४४ × १२ = ५२८, दोन्ही टोकं १७ × ६ = १०२ प्रत्येकी. एकूण ७३२ चौरस फूट, म्हणजे ६८ चौरस मीटर.

सध्या इथे खरी हिरवळ आहे, पण निम्म्याहून जास्त लव्हाळा. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात कापलेलं गवत स्किमरच्या (तलावाचं वरचं पाणी आणि कचरा ओढून घेणाऱ्या तोंडाच्या) जाळीत. मालकांना टर्फ हवं आहे ते याच कारणासाठी.

लेव्हल ट्यूब लावून पाहिली. कोपिंगच्या वरच्या कडेपासून दक्षिण कुंपणाकडे जमीन उतरण्याऐवजी मधल्या भागात दीड इंच चढलेली आहे. म्हणजे आजवर पावसाचं पाणी तलावाकडेच येत होतं. लोणावळ्यात जुलैमध्ये दिवसाला अडीचशे-तीनशे मिलिमीटर पाऊस पडायचे दिवस येतात. ३०० मिमी धरला तर नुसत्या ६८ चौरस मीटरवर वीस हजार लिटर पाणी. टर्फ हा गालिचा आहे, तो पाणी पीत नाही. खालून वाट काढून दिली नाही तर ते कोपिंगवरूनच जाणार. त्यामुळे या कामात तीन चतुर्थांश दिवस खोदाई, खडी आणि पाईपचे. हिरवं काम शेवटचे तीन-चार दिवस.

आणखी एक अडचण: तलाव स्किमरवर चालतो, ओव्हरफ्लोची वाट कुठेच नाही. शंभर मिमी पाऊस झाला की तलावातच चार हजार लिटरहून जास्त पाणी वाढतं आणि ते कोपिंगवरून टर्फखाली शिरेल. स्किमरच्या अंगाला ओव्हरफ्लोचं तोंड आहे, बूच लावून बंद केलेलं. ते उघडायचं आणि ६३ मिमी पाईप वेगळा बाहेर न्यायचा. टर्फखालच्या निचरा पाईपला तो जोडायचा नाही, कारण छिद्रांच्या पाईपमध्ये तलावाचं पाणी सोडलं तर ते खडीतच पसरेल.

१८ फेब्रुवारी – खालचे पाईप आणि केबल शोधणे

नकाशा नाही. पंपघरापासून मागोवा घेत हाताने चाचणी खड्डे घेतले, पहार न वापरता. पूर्वेला दोन रिटर्न लाईन (गाळलेलं पाणी तलावात परत नेणारे पाईप), ५० मिमी पीव्हीसी, कोपिंगपासून अडीच फुटांवर, वरून जेमतेम ९ इंच खोल. खाली वाळूची गादी नाही, विटांचे तुकडे आणि मुरूम. दक्षिणेला दिव्याच्या बाराव्होल्ट केबलचा कंड्युट, कोपिंगला चिकटून. चुन्याने रेघा मारल्या आणि फोटो काढून ठेवले. एकदा टर्फ पडलं की त्या रेघा फक्त फोटोतच राहतात.

याच कारणाने एक गोष्ट आजच ठरली: तलावाच्या कडेला खिळे ठोकायचे नाहीत. टर्फवाले सहा इंची खिळे सर्रास ठोकतात. ९ इंच खोलीच्या पाईपवर तीन इंच शिल्लक राहतात, हे कागदावर. शिवाय क्लोरीनच्या पाण्यात साधा खिळा वर्षभरात गंजतो, डोकं तुटतं आणि अनवाणी पायाला लागतं. कडा सगळ्या काँक्रीटच्या पट्टीवर चिकटवायच्या.

रिटर्न लाईन दीड किलो दाबावर बंद करून चोवीस तास ठेवली. काटा हलला नाही. गळती असती तर ती आत्ता कळणं परवडतं.

२० फेब्रुवारी – मालाची मागणी

२० मिमी खडी: बेसला चार इंच, म्हणजे २४४ घनफूट, दबाई आणि सांडमांड धरून ३ ब्रास (ब्रास म्हणजे १०० घनफूट). निचऱ्याच्या चराला आणखी १. एकूण ४ ब्रास.
कच (दगडाचा बारीक चुरा), ६ मिमी, धुतलेला: एक इंच थर, पाऊण ब्रास लागेल. क्रशरवरून एकाखाली मिळत नाही म्हणून १ ब्रास.
जिओटेक्स्टाईल (माती अडवून पाणी जाऊ देणारं कापड), नॉनवोव्हन, २०० जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम): १०० चौरस मीटर (जोडाला एक फूट चढवून आणि चराला गुंडाळून).
११० मिमी छिद्रांचा पीव्हीसी पाईप: १०२ फूट. बिनछिद्राचा ११० मिमी: ३० फूट.
सिमेंट ४ गोण्या, कडेच्या पट्टीसाठी.
दोन भागांचा पॉलियुरेथेन गोंद: २० किलो. सांध्याला मीटरला ४०० ग्रॅम धरून २२ मीटरला ९ किलो, कडांना सुमारे ८ किलो, बाकी डब्याच्या तळाशी वाया जाणारा.
सांध्याची पट्टी: ३०० मिमी रुंद, २५ मीटर.
सिलिका वाळू: ५० किलोच्या ६ गोण्या.

टर्फबद्दल थोडं सविस्तर. पात्यांची उंची ३० मिमी घेतली. ४० किंवा ५० मिमीचं दुकानात जास्त भरगच्च दिसतं, पण तलावाच्या कडेला ते उशिरा वाळतं, जास्त वाळू मागतं आणि आडवं पडलं की उठत नाही. धागा पॉलिएथिलिनचा, पॉलिप्रोपिलिन स्वस्त पण पायाला टोचरं. पाठ मात्र पॉलियुरेथेनची मागितली. नेहमीचं लॅटेक्स बॅकिंग बाल्कनीत चालतं, पण जिथे रोज पाणी उडतं आणि चार महिने ओल राहते तिथे लॅटेक्स मऊ पडून टाके सैल होतात. दरात फरक पडतो, पण हा खर्च टाळण्यासारखा नाही.

रोल किती लागणार, याचा हिशेब सगळ्यात जास्त वेळ खाऊन गेला. रोल २ मीटर रुंद. पाती रोलच्या लांबीच्या दिशेने झुकलेली असतात आणि सगळ्या तुकड्यांत ती एकाच दिशेला हवीत, नाहीतर शेजारचे दोन तुकडे दोन रंगांचे दिसतात. पहिला विचार सगळ्यांचाच असतो की दक्षिणेला ४४ फुटांच्या दोन लांब पट्ट्या पूर्व-पश्चिम टाकाव्यात. मग टोकांनाही त्याच दिशेने सहा-सहा फुटांचे तुकडे लागतात. एकूण सांधे ८० फूट. उलट उत्तर-दक्षिण टाकल्या तर दोन टोकांना प्रत्येकी २९ फुटांची एकच सलग पट्टी, मध्ये १२ फुटांच्या पाच, सांधे सहा आणि लांबी ७२ फूट. शिवाय पाती व्हरांड्याकडे झुकतात, तिथून बघताना हिरवळ दाट दिसते. उत्तर-दक्षिण नक्की.

लांबी: ९ मीटरच्या २ आणि ३.८ मीटरच्या ५, म्हणजे ३७ मीटर. पहिल्या २५ मीटरच्या रोलमधून एक ९ ची आणि चार ३.८ च्या निघतात, २४.२ मीटर. दुसरा १३ मीटरचा तुकडा. एकूण ७६ चौरस मीटर, घट साधारण बारा टक्के. दोन्ही एकाच बॅचचे, हे चलनावर लिहून घेतलं.

२४-२५ फेब्रुवारी – खोदाई

तलाव रिकामा करायचा नाही. रिकामं कवच हलकं असतं, भोवतीची जमीन मोकळी करताना आणि भूजल चढलं तर ते उचलतं. त्यावर ताडपत्री ताणून कोपिंगवर वाळूच्या गोण्या ठेवल्या. फिल्टर बंद, धूळ बसेपर्यंत.

खोली कोपिंगच्या वरच्या कडेवरून धरली. टर्फची पाठ कोपिंगपेक्षा १५ मिमी खाली बसली पाहिजे, म्हणजे पाती १५ मिमी वर राहतात, पाय अडखळत नाही आणि कापलेली कड दिसत नाही. पाठ ३ मिमी, त्याखाली सव्वाशे मिमी खडी-कच. म्हणून कोपिंगपाशी १४३ मिमी खोल. तिथून बाहेर साठाला एक उतार: दक्षिण कडेला ६१ मिमी आणखी खाली, पूर्व-पश्चिमेला ३०. आग्नेय आणि नैऋत्य कोपऱ्यात दोन उतार भेटतात. तिथे कोपिंगच्या कोपऱ्यापासून तिरकी दोरी बांधून हाताने घडवलं, यंत्राला ते जमत नाही.

माती साधारण ५ ब्रास निघाली. लव्हाळ्याच्या गाठी चाळून वेगळ्या काढल्या. नुसतं वरचं गवत खरवडून भागत नाही. गाठ सहा इंचांवरही असते आणि तिचा कोंब सुईसारखा, जिओटेक्स्टाईलमधूनही वर येतो.

तळ धुम्मसाने आणि प्लेट कॉम्पॅक्टरने दाबला. रिटर्न लाईनच्या वर दोन फूट रुंदीत यंत्र नेलं नाही, फक्त धुम्मस. पाईप वाचला, पण ती जागा बाकीच्याइतकी दबलेली नाही. इथे नंतर लक्ष ठेवावं लागणार.

(२६ ला महाशिवरात्र, काम बंद.)

२७ फेब्रुवारी – निचऱ्याचा चर

बाहेरच्या कडेने १०२ फूट, एक फूट रुंद. चेंबर नैऋत्य कोपऱ्यात. ईशान्येकडून तिथपर्यंत ७३ फूट धाव, शंभराला एक उताराने ९ इंच पडतात. चर सुरुवातीला ८ इंच, चेंबरपाशी १७. पश्चिमेची शाखा २९ फुटांची, ती वेगळी येऊन मिळते.

चरात आधी जिओटेक्स्टाईल, मग दोन इंच खडी, त्यावर पाईप, पुन्हा खडी आणि कापड वरून दुमडून. पाईपची छिद्रं खाली ठेवली. मिस्त्रीचा आग्रह वर ठेवण्याचा होता, पाणी वरून येतं म्हणून. पण चरात पाणी तळातून चढतं. छिद्रं खाली असली की पहिल्या इंचभर पाण्यातच पाईप वाहू लागतो. वर असली तर चर पाईपच्या डोक्यापर्यंत भरावा लागतो आणि गाळ थेट आत पडतो.

चेंबरपासून बाहेर बिनछिद्राचा पाईप. स्किमरचा ६३ मिमी ओव्हरफ्लो त्या चेंबरनंतर जोडला, आधी नाही. बाहेरच्या तोंडाला जाळी. पावसाळ्यात खेकडे पाईपमध्ये शिरून बसतात, हे इथल्या कुठल्याही प्लंबरला विचारावं.

१ मार्च, शनिवार – कडेच्या पट्ट्या

काँक्रीट १:२:४, चार इंच रुंद, चार इंच खोल. आत कोपिंगलगत ६६ फूट, बाहेर १०२ फूट. वरचा पृष्ठभाग रंध्याने घासला, गुळगुळीत घोटला नाही. घोटलेल्या सिमेंटच्या सायीवर गोंद धरत नाही, सायच सुटून येते.

आतली पट्टी कोपिंगला चिकटवली नाही. मध्ये १० मिमी फोमची पट्टी ठेवून वर पॉलियुरेथेन सीलंट भरायचं. कोपिंग तलावाच्या कवचावर बसलेलं आहे, पट्टी भरावावर. भराव खचला की पट्टी खाली जाते. दोन्ही एक केलेली असली तर कोपिंगची फरशी तडकते.

क्युरिंग तीन दिवस, गोणपाट ओलं ठेवून.

४ मार्च – खडी

जिओटेक्स्टाईल अंथरलं, जोड एक फूट चढवले, वरचा तुकडा खालच्यावर उताराच्या दिशेने, कौलासारखा. २० मिमी खडी दोन-दोन इंचांच्या दोन थरांत, प्रत्येक थराला प्लेट कॉम्पॅक्टरचे तीन फेरे. चार इंच एकदम टाकून दाबलं तर खालचा भाग नीट दबत नाही.

६ मार्च – कच परत पाठवला

डंपरमधला माल लांबूनच पांढुरका दिसला. पाण्याच्या बाटलीत अर्ध्यापर्यंत कच भरला, पाणी ओतलं, खळखळून हलवला आणि कोपिंगवर ठेवला. दहा मिनिटांनी कचावर बोटभर राखाडी लगदा बसला होता आणि वरचं पाणी ताकासारखं. एवढी पावडर खडीवर टाकली की पहिल्या पावसात ती खाली उतरते, खडीच्या फटी भरते आणि तिसऱ्या-चौथ्या पावसात गिलाव्यासारखी घट्ट होते. मग वर टर्फ, खाली डबकं, आणि ऑगस्टात कुबट वास. टर्फला वास येतो ही तक्रार जिथे जिथे निघते तिथे दहातल्या आठ वेळा खाली हेच सापडतं.

पुरवठादाराचं म्हणणं, सगळे हाच नेतात. नेत असतील. डस्ट (दगडाची पावडर) घट्ट बसते, लेव्हल सुंदर मिळते, पट्टा मारायला सोपी. फुटपाथच्या ब्लॉकखाली ठीक आहे.

८ मार्च – दुसरा माल धुतलेला आला. बाटलीत नखभर लगदा. घेतला.

१० मार्च – कच आणि लेव्हल

अर्धा इंची पाईपचे दोन तुकडे रूळ म्हणून ठेवून त्यावरून आठ फुटी अॅल्युमिनियम पट्टी ओढली. पाणी शिंपडून हलके दोन फेरे. धुतलेला कच डस्टसारखा गच्च बसत नाही, चालताना थोडा सरकतो. हे गृहीत धरायचं आणि एकदा लेव्हल झाली की त्यावर फळ्या टाकूनच फिरायचं. आठ फुटी पट्टीखाली ५ मिमीपेक्षा जास्त खळगा कुठे नाही. ३० मिमी पात्यांखाली १० मिमीचा खळगाही संध्याकाळच्या तिरप्या उन्हात दिसतो.

११ मार्च – पाणी सोडून चाचणी

एका जागी दोनशे लिटरचा पिंप पाच मिनिटांत ओतला. कोपिंगपाशी, मग मध्ये, मग आग्नेय कोपऱ्यात. तिन्ही ठिकाणी वर पाणी साचलं नाही. चेंबरमध्ये कोपऱ्यातलं पाणी चार मिनिटांनी दिसू लागलं, आधी गढूळ, मग स्वच्छ.

होळी-धुळवडीसाठी मंडळी गावी. १८ ला परत. तेवढ्या दिवसांत आतल्या सांध्याचं सीलंट भरून वाळू दिलं.

१८ मार्च, मंगळवार – रोल आले

अंथरण्याआधी बॅकिंग उजेडासमोर धरून पाहिलं. छिद्रं दर १०० मिमीला, पण बरीचशी पाठीच्या लेपाने अर्धवट मिटलेली. एका चौरस मीटरमध्ये शंभरातली सतरा आरपार दिसेनात. सोल्डरिंग आयर्नने एकेक मोकळं केलं. वितळलेली कड गुळगुळीत होते आणि पुन्हा मिटत नाही. ड्रिल मारू नये, टाके उसवतात. ७६ चौरस मीटरला दोन माणसांची पाऊण दिवसाची रोजंदारी गेली. तपासायचा वेळ हाच, कारण पाऊस पडल्यावर डबकं कुठल्या छिद्रामुळे झालं हे शोधता येत नाही.

पट्ट्या कापून जागेवर पसरून ठेवल्या, रात्रभर. गुंडाळीच्या सुरकुत्या ताणून जात नाहीत, उन्हात आपोआप बसतात.

१९ मार्च – कापणी आणि सांधे

दोन्ही कडांच्या टाक्यांच्या दोन-दोन ओळी काढून टाकल्या. कारखान्यातली कड ताणलेली असते, तशीच जोडली की सांध्यावर रेघ उमटते. उरलेली रुंदी १.९६ मीटर, म्हणजे ६ फूट ५ इंच.

टोकांना लागतात ६ फूटच. वरचे पाच इंच छाटले नाहीत. पट्टी तलावाच्या अंगाला १७ फूट लांबीपर्यंत खाच देऊन कापली, पुढे पूर्ण रुंदी ठेवली. त्यामुळे सांधा कोपिंगच्या नेमक्या कोपऱ्यातून न निघता पाच इंच सरकून निघतो. कोपऱ्यातून वळताना प्रत्येकाचा पाय तिथेच पडतो, ओला, आणि तिथे सांधा असेल तर सुटायला तिथूनच सुरुवात होते.

कापणी पाठीकडून, टाक्यांच्या दोन ओळींच्या मधून. ब्लेड दर दोन मीटरला नवं. टर्फचं गेज ३/८ इंच, म्हणजे दोन ओळींत साडेनऊ मिमी अंतर. सांध्यावरही तेवढंच यायला हवं. जास्त झालं तर भांग पाडल्यासारखं दिसतं, कमी झालं तर सांधा उंचवटा धरतो. गोंद लावण्याआधी सहाही सांधे कोरडे जुळवून व्हरांड्यातून पाहिले. तिसरा दोनदा पुन्हा कापला.

चिकटवणी सकाळी ८ ते ११ मध्ये. दुपारी बारानंतर टर्फ तापून लांबतं. त्या वेळी जुळवलेला सांधा रात्री आकसून उघडतो. गोंद डब्यावरच्या वजनी प्रमाणातच मिसळला, काट्यावर, अंदाजाने नाही. एका वेळी दोन किलोच. सकाळच्या गारव्यातही तीस-चाळीस मिनिटांत तो घट्ट होऊ लागतो. दातेरी पत्र्याने पट्टीवर पसरवला, दहा मिनिटं तार धरू दिली, मग एक कड, मग दुसरी. एक माणूस चिकटवतो, दुसरा मागून गोंदात अडकलेली पाती बोटांनी वर काढतो. वर वाळूच्या गोण्या, चोवीस तास.

बाजारात टर्फबरोबर पिवळं रबर सोल्युशन देतात. गच्चीवर ते दोन वर्षं टिकतं. तलावाच्या कडेला ऊन आणि ओल दोन्ही आलटून-पालटून बसतात, तिथे ते पहिल्या उन्हाळ्यात मऊ होतं आणि पहिल्या पावसाळ्यात सुटतं.

२० मार्च – कडा

काँक्रीटच्या पट्ट्या तारेच्या ब्रशने घासून, ब्लोअरने उडवून, पूर्ण कोरड्या. कोपिंगलगत टर्फ आधी इंचभर जास्त ठेवून, मग कोपिंगच्या कडेला पट्टी धरून दोन मिमी फट ठेवत छाटलं. घट्ट ठासून बसवलं की उन्हात फुगतं. ग्रॅनाइटला मास्किंग टेप लावली होती. पॉलियुरेथेनचा डाग वाळल्यावर दगडासकटच निघतो म्हणायचं.

२१ मार्च – वाळू

३० मिमी पात्यांना चौरस मीटरला ५ किलो पुरते. पण कोपिंगपासून दोन फुटांचा पट्टा कोरा सोडला. तिथे टाकलेली वाळू ओल्या पायांना चिकटते, तलावात उतरते, तळाशी बसते आणि पंपाच्या इंपेलरला घासते. कोपिंगच्या कडेला ती नको म्हणून तिथे टर्फ वाळूच्या वजनाऐवजी गोंदाने धरलं आहे. उरलेल्या ५५ चौरस मीटरला पावणेतीनशे किलो, साडेपाच गोण्या. तीन हप्त्यांत पसरवून प्रत्येक वेळी पात्यांच्या उलट दिशेने कडक ब्रश. ओली वाळू टाकू नये, वरच चिकटून बसते.

ताडपत्री काढली. तळाशी आलेली धूळ व्हॅक्युम करताना मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह फिल्टरवर नव्हे, वेस्टवर (पाणी थेट बाहेर) ठेवला. कचाची पावडर वाळूच्या फिल्टरमध्ये गेली की बॅकवॉशनेही (फिल्टरमधून उलटं पाणी सोडून धुतल्यानेही) पूर्ण निघत नाही.

२८ मार्च, शुक्रवार – उष्णता

दुपारी २ वाजता, इन्फ्रारेड थर्मामीटर: टर्फ ६३ अंश, कोटा फरशी ४९, फिकट ग्रॅनाइट ४४. अनवाणी पायाला ६३ सोसत नाही, मुलांच्या तर नाहीच. पाणी मारल्यावर टर्फ ३८ पर्यंत उतरलं आणि पंचवीस मिनिटांत पुन्हा पन्नाशीच्या वर गेलं. थंड राहणारं टर्फ म्हणून जे विकतात त्याने चार-सहा अंशांचा फरक पडतो, चमत्कार नाही. दक्षिणेला नळ काढून दिला आणि पश्चिमेला सावलीच्या कापडासाठी दोन खांब सुचवले.

पहिल्या मजल्याच्या सरकत्या काचेवरून तीनच्या सुमारास उन्हाचा पट्टा पूर्व टोकावर पडतो. त्या पट्ट्यात ७४ अंश. काचेवरून परतलेलं ऊन आणि वरून पडणारं ऊन एका जागी आलं की पाती वळतात, वितळतात. काचेला बाहेरून जाळी लावायला सांगितलं आहे. मे आधी लागली पाहिजे.

वापराच्या सूचना कागदावर दिल्या: क्लोरीनचे दाणे किंवा ॲसिडचा कॅन टर्फवर ठेवायचा नाही (तलावातलं पाणी उडण्याने काही होत नाही, सांडलेल्या दाण्याने पांढरा डाग पडतो). बॅकवॉशचा पाईप टर्फवर सोडायचा नाही. शेगडी, बार्बेक्यू फरशीवरच.

२२ मे – पहिला जोराचा पाऊस

मेच्या तिसऱ्या आठवड्यातच वळीव थांबेना. टर्फवर कुठेही पाणी उभं नाही, चेंबर वाहतं. स्किमरचा ओव्हरफ्लो चालू.

पूर्वेला, कोपिंगपासून अडीच फुटांवर, पाच फूट लांबीचा पन्हळीसारखा खळगा. पट्टी ठेवून मोजला: १२ मिमी. चुन्याच्या रेघेचा फोटो काढून ताडला, बरोब्बर रिटर्न लाईनवर. धुम्मसाने जेवढं दबलं तेवढंच दबलं होतं, बाकीचं काम पाण्याने केलं. आधी पाईपचा दाब तपासला. गळती नाही, फक्त बसणूक.

२७ मे

काल, २६ तारखेला, मान्सून मुंबईत पोचला, नेहमीच्या ११ जूनच्या सोळा दिवस आधी. दुरुस्ती ओल्यात करता येत नाही, गोंद फेसाळतो. खळगा आता १५ मिमी. थांबणं भाग.

९ जून, सोमवार – दुरुस्ती

पावसाने ओढ दिली आहे, सलग काही दिवस कोरडे. टोकाची पट्टी सलग आहे, तिथे सांधा नाही. मधे चीर द्यायची नव्हती. कोपिंगलगतची सहा फूट कड उलथण्याने हळूहळू सोडवली आणि टर्फ तीन फूट मागे गुंडाळलं. कच बाजूला ओढला, खाली खडी खचलेली. ती पहारीने ढिली करून, नवी खडी घालून, धुम्मसाने चार थरांत ठोकली; वर कच, पट्टी, पाणी. जुना गोंद काँक्रीटवरून छिन्नीने खरवडून नव्याने चिकटवलं. अर्धा दिवस. फेब्रुवारीतच त्या दोन फुटांतले विटांचे तुकडे काढून पाईपभोवती वाळू भरून पाण्याने बसवली असती तर हे टळलं असतं. पुढच्या कामात खोदाईच्या यादीत ते घातलं आहे.

१८ जुलै, शुक्रवार – पावसाळ्यातली तपासणी

दुरुस्तीच्या जागी २ मिमी, सोडून दिलं. सहाही सांधे बंद. कोऱ्या दोन फुटांच्या पट्ट्यात पाती आडवी पडली आहेत, उलट ब्रश मारून उठवली. पश्चिमेला भिंतीच्या सावलीत शेवाळाची हिरवट साय. तलावाचं लिक्विड क्लोरीन पन्नास पट पाण्यात घालून फवारलं, वीस मिनिटांनी धुतलं. लव्हाळ्याचे कोंब तीन, तिन्ही बाहेरच्या कडेच्या फटीतून, टर्फमधून एकही नाही. चेंबरमध्ये तळाशी अर्धा इंच बारीक गाळ, काढला. बाहेरच्या जाळीला आतून एक खेकडा.